सातवी सुई

आमच्या संग्रहालयात बकऱ्या जास्त येतात अन् माणसं कमी. हे मी वीरेंद्रच्या तोंडावर सांगत नाही, पण खरं आहे. दार उघडं दिसलं का बकरी सावलीले आत येते, पाहाले ठेवलेल्या डोंग्याखाली, म्हणजे जुन्या होडीखाली, लेंड्या टाकते अन् निघून जाते. माणूस आला तर तोही तेवढाच वेळ थांबते.

तलावाच्या पारीखाली, बांधाच्या पायथ्याशी, मच्छीमार संस्थेची बर्फ ठेवायची जुनी खोली होती. तिले रंग मारला, बाहेर 'मत्स्य वारसा संग्रहालय' असा बोर्ड टांगला अन् मले आत बसवलं. काहून? तर सेवकराम म्हातारा झाला, पाण्यात उतरवत नाही अन् घरी त्याची वाट पाहणारं कोणी नाही. माही बायको कौशल्या जाऊन सहा वर्षं झाली. लेकरू झालंच नाही. वीरेंद्र संस्थेचा सचिव आहे, पोरगा चांगला आहे, पण बोलणं असं का दगड बरा. "काका," म्हणे, "तुमच्याइतका रिकामा टाइम गावात कोणापाशीच नाही."

घ्या! पण खोटं काय बोलला? सकाळी दहाले कुलूप काढायचं, पाचले लावायचं. मधात एक फुटका डोंगा, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या, काचेच्या बाटलीत पांढरी पडलेली मरळ, अन् मी. कधी कधी मी त्या मरळीसंग बोलतो. ती ऐकून तरी घेते.

अन् एक जाळं. खोलीच्या मधात, छताच्या कडीले टांगलेलं, फेकायचं जाळं. त्याचीच गोष्ट सांगून राहिलो.

हे जाळं एकोडीकडच्या देवाजीचं. देवाजी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. बायको त्याच्या आधीच गेली होती, घरात एकटाच राहे. तीन वर्षांआधी संग्रहालय झालं तवा त्याच्या भावानं हे जाळं पोत्यात भरून आणून देलं. जाळं अर्धं होतं. वरचा शेंडा अन् पोट झालेलं, खालचे घेर राहिलेले. संग सात सुया होत्या. जाळ्याची सुई म्हणजे कपडे शिवायची नोहे बरं. वीतभर लांब, बांबूची चपटी कांब, तिच्यावर धागा गुंडाळून भरायचा अन् भरलेल्या सुईनं गाठी मारत जायचं. धागा सरला का दुसरी सुई. सातातल्या सहा खाली होत्या, धागा सरलेल्या. सातवी मात्र काठोकाठ भरलेली, शेवटच्या घेरात खोचून ठेवलेली. तिच्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. कोळ्याचं पुरं झालं, देवाजीचं राहिलं.

मले तवाच राग आला. आळशी माणूस! सुई भरलेली आहे, हात धड आहेत, अन् अर्ध्यात सोडून देलं? मले आठवलं, लाखनीच्या बाजारात एकदा देवाजी भेटला होता. तोंडाले मास्क, अन् खांद्यावर दुकानातून घेतलेलं नवं जाळं. मी चार माणसांत त्याची उडवली होती, "काहून बे देवाजी, हात मोडले का? ढिवराच्या पोटचा अन् विकतचं जाळं?" तो हासला. म्हणे, "घरचं व्हायचं आहे भाऊ. घाई नाही." मी म्हटलं, घाई नाही म्हणता म्हणता मरशील. माहं तोंड असंच आहे, आधी चालते मग मागं पाहाते.

माहा बाप म्हणे, अर्धं जाळं टांगू नये, घरचा माणूस अर्ध्या वाटेत राहाते. दोन वर्षं ते अर्धं जाळं माह्या डोक्यावर लोंबत राहिलं. अन् खरं सांगायचं तर बापाचं सांगणं हे निमित्त होतं. मले ती भरलेली सुई दिसे. आमच्यात जाळं विणते पुरुष, अन् सुया भरते बायको नाहीतर लेकरं. माह्या सुया कौशल्या भरे. एकही कधी गुंतली नाही. ती गेली अन् मी विणणं सोडलं. स्वतःच्या सुया स्वतः भरायच्या म्हणजे स्वतःच स्वतःले वाढून घेतल्यासारखं. ते मी रोज करतोच, पण जाळ्यात नको वाटलं. अन् इथं कोणाच्या तरी हातची, घट्ट, नीट भरलेली सुई डोळ्यासमोर. कौशल्या गेल्यापासून मले कोणी सुई भरून देली नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात मी ती काढली. रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावी, म्हणतात ना. एक घेर त्या सुईत झाला. मग लाखनीवरून तशाच धाग्याचं रीळ आणलं अन् आणखी चार घेर टाकले, खाली शिशाच्या गोळ्या ओवल्या. तीन महिने लागले. ते तीन महिने मले चांगले गेले. दुपार कधी सरे, समजे नाही. वीरेंद्रले उभं करून मी म्हटलं, "सांग, देवाजीचा हात कुठं सरला अन् माहा कुठं लागला?" त्याले सांगता आलं नाही. वीरेंद्रले तसं मरळ अन् रोहूतलाही फरक सांगता येत नाही, पण मी खुश झालो.

हे झालं मागचं. आता मागच्या महिन्यातल्या एका बुधवारची गोष्ट.

अकरा वाजले असतील. दारात एक बाई उभी राहिली. तीस-बत्तीसची, लग्नाघरचा शालू नेसलेली, हातात चपला. आमच्याकडं चपला काढून कोणी आत येत नाही. मले वाटलं, मंदिर समजली का काय.

"काका, देवाजीचं जाळं इथंच आहे ना?"

माहा जीव केवढा झाला! कोणी नाव घेऊन, विचारत आलं होतं. मी खुर्चीवरून उठलो. "इथंच आहे. ये बाई, ये. पंखा लावतो. कुठली तू?"

"भिलाईले देली आहे मले. लाखनीले नणंदेच्या पोरीचं लग्न होतं, म्हणून आली. मी खुशबू. देवाजीची पोरगी."

अरे बाप्पा! देवाजीची पोरगी! मी तिले हाताले धरून जाळ्याखाली नेलं. अन् सुटलो. "पाहा तुह्या बापाचं जाळं. अर्धं आलं होतं, अर्धं! मी पुरं केलं. पाच घेर टाकले. पाहून सांग, जोड कुठं आहे? सांगूच शकत नाही तू. तीन महिने लागले, पण देवाजीच्या नावाचं जाळं अर्धं नाही राहू देलं."

मी वाट पाहून राहिलो का आता ती म्हणंल, काका, उपकार झाले. तिनं जाळ्याकडं पाहिलंच नाही. बाजूच्या टेबलावर सात सुया मांडून ठेवल्या होत्या, तिकडं गेली. एकेक उचलून पाहिली.

"साती खाली," म्हणे.

"मग? विणल्यावर खालीच होतेत."

ती डोंग्याच्या बाजूले जमिनीवर बसली. लग्नाच्या शालूसकट, जिथं बकरी बसते तिथं. अन् रडाले लागली. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे हालत होते.

आता मले सांगा, रडणाऱ्या बाईसमोर माणसानं काय करावं? मले राग येते. काही समजलं नाही का मले रागच येते, ही जुनी खोड आहे. कौशल्या म्हणे, तुमचं भेव बी रागावून निघते. "काहून रडतस?" मी म्हटलं. "चांगलं पुरं करून देलं, अन् रडून राहिली! अर्धं पाहिजे होतं का तुले?"

"हव," ती म्हणे. "अर्धंच पाहिजे होतं."

मग तिनं सांगतलं. मी सांगतो तसं सरळ नाही, तुटक तुटक.

दोन हजार एकोणीसची दिवाळी. ती माहेरी आली होती. आई त्याच वर्षी गेली होती. जायच्या दिवशी देवाजीनं विचारलं, आता कधी येशील? देवाजी असं विचारणारा माणूस नव्हता. तिले काय बोलावं समजलं नाही, तर तिनं साती सुया घेतल्या अन् एकेक भरून देली, लहानपणी देई तशी. म्हणे, बाबा, ह्या सात सुया सरायच्या आत मी येते. बाप म्हणे, बरं. मग लॉकडाऊन लागला, रस्ते बंद झाले. मग तिले दिवस गेले, पोरगी झाली. फोनवर ती विचारे, बाबा, सुया किती राहिल्या? तो म्हणे, आहेत, आहेत. मग एक दिवस फोन आला तो काकाचा. तोंडही पाहाले भेटलं नाही बापाचं. नंतर एकोडीले यावंसंच वाटलं नाही, म्हणे. कुलूप लागलेलं घर पाहून काय करायचं?

"माह्या काकानं सांगतलं होतं, जाळं जसं होतं तसंच संग्रहालयात ठेवलं आहे. मी तेवढंच पाहाले आली. मले फक्त एक पाहायचं होतं का, एखाद्या सुईत धागा राहिला होता का नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "राहिला असंल तर मी उशीर नाही केला. बाबा गेले, पण माहा शब्द मोडला नाही. अन् सगळ्या सरल्या असतील, तर बाबांनी सातवी सुई सरवली अन् मग दाराकडं पाहात बसले. तुम्हीच सांगा काका. तुमच्या हातात आलं तवा धागा होता का?"

मी टेबलावरची सातवी सुई हातात घेतली.

धागा होता. काठोकाठ होता. अन् सहा सुया सरवाले देवाजीसारख्या माणसाले किती दिवस लागतात? दीड महिना, लय झालं तर दोन. एकोणीसची दिवाळी, अन् तो गेला एकवीसच्या उन्हाळ्यात. म्हणजे सहावी सुई सरली अन् त्यानं हात थांबवला. सातवीले हातच लावला नाही. वर्षाच्या वर ते जाळं तसंच टांगून ठेवलं, कोळ्याले घर करू देलं. मासे धराले विकतचं जाळं आणलं अन् भर बाजारात माह्याकडून हात मोडले का म्हणून ऐकून घेतलं. हासून म्हणे, घाई नाही.

अन् मी त्याले आळशी म्हटलं. अन् जे त्या माणसानं मरेपर्यंत सरू नाही देलं ते मी पंख्याखाली बसून, गाणं गुणगुणत, सरवून टाकलं.

मी सगळं सांगतलं तिले. बाजारातलंही. लपवाले जागा नव्हती. "भरलेली होती, पोरी. एकही गाठ मारली नव्हती त्यातून. तुह्या बापानं ती राखून ठेवली होती. सरवली ती मी. मीच."

मले वाटलं, आता शिव्या देईल. देल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे बाबा थांबले होते," ती हळूच म्हणे.

"हव. थांबला होता."

"मले म्हणे, आहेत आहेत." अन् ती पुन्हा रडली, पण आताचं रडणं वेगळं होतं, आवाजाचं.

मी टेबलाचा ड्रॉवर उघडला. कैची काढली. मी सत्तरी पार केली, पण जाळ्याले कधी पातं लावलं नव्हतं. बापानं जाळं ओलांडूही देलं नाही कधी. मी स्टुलावर चढलो अन् खालचे चार घेर, माह्या रिळातले, कचाकच कापले. शिशाच्या गोळ्या फरशीवर टपटप पडल्या, एक दाराबाहेर गेली.

"काका! काय करून राहिले?"

"बस किती वाजताची आहे तुही?"

"चारची."

"तवा बोलू नको, ये. वरचा पाचवा घेर कापायचा नाही, तो सातव्या सुईचा. तो धागा तुहा आहे. तो गाठी सोडून काढू."

दीडशेच्या वर गाठी होत्या, अन् माह्या गाठी म्हणजे काही साध्यासुध्या नाही. मी दाभण घेतला, तिनं केसातली पिन. मी सोडे, ती धागा ओढून घे. पहिल्या दहा गाठीतच माह्या बोटाचं नख उखडलं. मी मलेच शिव्या देल्या, एवढं घट्ट कोणी विणते का बे, हत्ती धरायचा होता का? ती रडता रडता हासली. दुपारी तिनं लग्नाच्या घरून बांधून आणलेल्या पुऱ्या काढल्या, आम्ही डोंग्याच्या काठावर ठेवून खाल्ल्या. कोणाच्या तरी संग बसून जेवलो त्याले किती दिवस झाले, ते मी मोजलं नाही. मोजू नये.

"काकूही सुया भरत होत्या का?" तिनं विचारलं.

"हव."

"मग आता?"

"आता कायचं? आता मी बोर्ड पुसतो."

तीनच्या वर काटा गेला तवा शेवटची गाठ सुटली. वर देवाजीचा घेर जसा होता तसा निघाला. सहाव्या सुईचा धागा जिथं सरला होता तिथं त्यानं लहानशी गाठ मारून टोक दातानं तोडलेलं होतं. मी ते तिले दाखवलं. तिनं त्याले बोट लावलं, अन् बराच वेळ काढलं नाही. मी बाहेर गेलो, तलावाकडं तोंड करून उभा राहिलो. पाण्यावर कोणी नव्हतं.

परत आलो तर ती मांडी घालून सातवी सुई भरून राहिली होती. सोडवलेला धागा सरळ होईना, प्रत्येक गाठीचा बाक त्याच्यात राहिलेला. तिनं तो बोटानं ओढून ओढून, दाबून बसवला. सुई थोडी जाड झाली, पण भरली. तिनं ती शेवटच्या घेरात खोचली, मी सांगतलं त्याच जागी.

मले वाटलं आता निघंल. पण तिनं माह्या ड्रॉवरमधलं उरलेलं रीळ काढलं, खाली सुयांतली एक उचलली अन् भराले लागली. हात भराभर चाले. वर, फिरव, खाली, फिरव. कौशल्याचाच हात. मी पाहू नये म्हणून पंख्याकडं पाहात होतो.

"हे तुमच्यासाठी," म्हणे. "हे विणा. बाबांचं नको, तुमचं नवं घ्या विणाले. सरली का फोन लावा, पुन्हा भरून द्याले येईन."

"असं सांगून जाऊ नको!" मी एवढ्या जोरात बोललो का दारातली बकरी पळाली. "तुले काही अक्कल आहे का? असं सांगून जाते का कोणी?"

ती घाबरली नाही. शेऱ्याच्या वहीत तिनं आपला नंबर लिहिला. वही उघडली त्याले पाच महिने झाले होते. मग वाकून माह्या पाया पडली, चपला हातात घेतल्या अन् बसस्टॉपकडं गेली. मी पारीवर चढून पाहिलं. बस आली, गेली.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्र आला अन् डोक्याले हात लावून उभा राहिला. "काका, हे काय केलं? येत्या सोमवारी पाहुणे येणार आहेत पाहाले, अन् तुम्ही चांगलं जाळं फाडून ठेवलं?"

"फाडलं नाही. होतं तसं केलं."

"मग पुन्हा पुरं करा. सुई तर भरलेली आहे समोर."

"त्या सुईले हात लावशील तर पाहा," मी म्हटलं. वीरेंद्रनं मले एवढ्या वर्षांत पुष्कळ वेळा रागावलेलं पाहिलं आहे, पण त्या दिवशी तो आल्या पावली परत गेला.

माही सुई मी घरी नेली. चुलीवरच्या खुंटीले टांगली आहे. धागाही आणला आहे, शेंडा कुठून लावायचा तेही ठरलं आहे. संध्याकाळी जेवण झालं का हात शिवशिवतात. खाली उतरवतो, बोटात धरतो. मग वाटते, विणली तर सरंल. सरली तर फोन लावावा लागंल. अन् फोन लावला अन् तिनं म्हटलं, काका, आता नाही जमत, पुढच्या वर्षी पाहू... तर? तिचं काही चुकलं नाही, तिचं घर आहे, लेकरू आहे. पण मग मी काय करू?

म्हणून पुन्हा टांगून देतो. आता महिना होईल. सुई काठोकाठ आहे, एकही गाठ मारली नाही. घाई नाही.